विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी पहिली रायफल: ३०८ की ६.५ क्रीडमूर? आणि गोळ्या कुठल्या?

मॅडिसनकर:
नमस्कार मंडळी. ग्रीन कार्ड झालं, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झाला (इथे १ जानेवारी १९७३ किंवा नंतर जन्मलेल्यांना लागतोच), आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो त्याला ऑफिसातला मित्र त्याच्या काकांच्या रानात बोलावतोय. भारतात १९७२च्या कायद्याने शिकारच बंद, त्यामुळे घरात कुणाला विचारावं तर कुणालाच माहीत नाही. झाडी दाट आहे, १५० यार्डापलीकडे दिसत नाही. बायकोपण चालवणार. बजेट स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) सोडून सातशे डॉलर. काय घेऊ?

नदीकाठ:
१५० यार्डात ३०८ आणि ६.५ या दोन्ही काडतुसांनी हरीण व्यवस्थित पडतं, ६.५ चा खरा फायदा लांबच्या पल्ल्यात आहे. पण धक्का कमी बसतो आणि वहिनी चालवणार असतील तर हे महत्त्वाचं आहे, कारण धक्क्याची भीती बसली की माणूस ट्रिगर ओढतानाच डोळे मिटतो आणि मग कुठलीही रायफल घ्या, नेम लागत नाही. दुसरं म्हणजे रानाजवळच्या छोट्या गावातल्या दुकानात आधी जाऊन बघ काय मिळतं. ३०८ हे १९५२ पासूनचं, ३०-०६ हे आणखी एक काडतूस तर १९०६ पासूनचं, त्यामुळे दोन्ही जुन्या दुकानांत असतात. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस बजेटमध्ये बसेल. पैसे उरले तर स्कोपला घाल.

सह्याद्रीपुत्र:
गोळ्यांबद्दल सांगतो. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. गोळी सुटताना बॅरल थरथरतं आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड नेमकं कुठे असतं ते गोळीच्या वजनावर आणि वेगावर ठरतं, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगळी काडतुसं मानवतात. वीस-वीसचे तीन-चार वेगळे बॉक्स घे, ३०८ असेल तर १५० आणि १६५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), ६.५ असेल तर १२९ आणि १४० च्या आसपास. सॅंडबॅगवर टेकवून तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मार (म्हणजे एकाच नेमावर तीन, छिद्रं किती जवळ पडतात ते बघायला), मध्ये बॅरल गार होऊ दे, घाई केलीस की ग्रुप फाकतो आणि दोष गोळीवर जातो. १०० यार्डाला दीड इंचात बसलं की झालं, आणखी बारीक शोधू नकोस. जी जमली तिचेच बॉक्स जास्त घे, लॉट नंबर एकच बघून. फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या वेष्टनाची गोळी) रेंजवर ठीक, हरणाला अजिबात नको, ती फुलत नाही आणि जनावर जखमी होऊन लांब पळतं.

शिवारातली:
मांस घरी खाणार ना? मग तांब्याच्या गोळ्यांचा विचार कराच. शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात जातात, दिसतही नाहीत, आणि लहान मुलांना शिसं फार वाईट. तांबं हलकं असतं त्यामुळे ग्रेन थोडे कमी घ्यायचे, ३०८ ला १५० किंवा त्याहून कमी. ट्राय करण्याआधी बॅरल नीट साफ करा.

मॅडिसनकर:
खूप आभार सगळ्यांचे! ६.५ घेतोय, बायकोने दुकानात खांद्याला लावून पाहिली, स्टॉक (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) थोडा लांब वाटला. आणि झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी जुळवणं, किती यार्डाला करू?

नदीकाठ:
कॉम्पॅक्ट मॉडेल मागा, स्टॉक आखूड येतो. १०० यार्डालाच झीरो करा, तुमच्या रानात तेवढं पुरतं. आणि सीझनच्या आधी ज्या गोळ्या न्यायच्या त्याच गोळ्यांनी एकदा परत तपासा, बॉक्स बदलला की नेम सरकतो.