धनगरवाड्यावरच्या पोरांना जंगल राखायला ग्रँट मिळते का? (राधानगरी साइड)

सड्यावरचा_गवळी

नमस्कार मंडळी. मी राधानगरी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरचा, सध्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला. वाड्यावर आमची १४-१५ पोरं आहेत, मंडळ म्हणा, रजिस्टर वगैरे काही नाही. तीन उन्हाळे झाले, फेब्रुवारी लागला की सड्याच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराच्या, कडेनं जाळपट्टा काढतो, वणवा लागला की हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपायला पहिली आमचीच पोरं पळतात, आणि झऱ्याभोवती माजलेली रानमोडी उपटतो, कारण ती वाढली की खाली गवत येत नाही आणि गवत नसलं की गवा सरळ आमच्या नाचणीत नाहीतर खालच्या गावच्या उसात. खर्च सगळा वर्गणीतून. बूट नाहीत, टॉर्च नाहीत, पाला उडवायचा एक ब्लोअर मिळाला तर निम्मं काम हलकं होईल, आणि पोरांचा रोज बुडतो त्याचं काहीतरी बघायला पाहिजे.

परवा पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत तिथल्या आदिवासींना वन्यजीव राखायला सरकार २ लाख डॉलरपर्यंत देतं म्हणे, ट्रायबल वाइल्डलाइफ ग्रँट. तसला फॉर्म आपल्याला भरता येतो का? नसेल तर आपल्याकडं असलं काय आहे? कुणी केलं असेल तर सांगा, एजंट लोकांनी मेसेज करू नये.

कागदवाला

भावा, सरळ सांगतो, नाही येत. ती ग्रँट त्यांच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसची, आणि अमेरिकन सरकारनं मान्यता दिलेल्या तिथल्या जमातींनाच मिळते. पण त्यातनं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, पैसा सरळ जमातीच्या स्वतःच्या सरकारला जातो, मधे संस्था नाही. जगात बाकी ठिकाणी असं फार कमी होतं. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत आदिवासी आणि स्थानिक लोकांसाठी १७० कोटी डॉलर जाहीर झाले, आणि पहिल्या वर्षाचा हिशोब आला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या संघटनांच्या हातात सरळ गेले फक्त ७ टक्के. बाकी मोठ्या संस्थांमार्फत.

आता आपलं. परदेशी पैसा घ्यायचा म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा. त्याला संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे, त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च केलेले दाखवायला पाहिजेत, आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशातनं पैसे घेऊन तुमच्यासारख्या छोट्या मंडळाला वाटून द्यायची, २०२० च्या दुरुस्तीनं ते पण बंद झालं. एकाच ठराविक देणगीसाठी पूर्वपरवानगीचा रस्ता आहे, पण वर्गणीवर चालणाऱ्या मंडळानं त्या नादाला लागू नये असं माझं मत.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी काढलेला पैसा, त्यातल्या त्यात जवळचा. वन्यजीव, जंगल हे विषय त्यात बसतात. पण तिथंही नोंदणी, १२ए आणि ८०जी ही इन्कम टॅक्सची प्रमाणपत्रं, सीएसआर-१ हा कंपनी खात्याकडचा नंबर आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणून आज अर्ज कुठं करू हे विचारू नकोस, आज धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी टाक आणि बँकेत खातं काढ. वर्गणीच्या पावत्या ठेवल्यात का? नसतील तर या उन्हाळ्यापासून ठेव, चहा-वड्याची पण.

अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही जिथं काम करता ते अभयारण्याच्या हद्दीत असेल तर तोंडी 'हो' वर काही करू नका. वन्यजीव कायद्याचं कलम २९ आहे, परवानगीशिवाय अभयारण्यातलं काही तोडायचं नाही, चांगल्या हेतूनं झुडूप तोडलं तरी उद्या साहेब बदलला की केस तुमच्यावर. आरएफओंमार्फत (वनक्षेत्रपाल) वन्यजीव विभागाची लेखी परवानगी घ्या.

पेठेतला

ग्रँट म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. आमच्या पाहुण्यांच्या गावात एक संस्था आली होती, नाव नको, देवराई वाचवायची म्हणून. दोन वर्षं एक बोलेरो फिरायची. फोटो काढले, फलक लावला, आमच्या मामाला फेटा बांधून एकदा स्टेजवर बसवलं, जेवण मात्र लय भारी होतं. मग प्रोजेक्ट संपला. फलक अजून आहे, देवराईत निम्म्या भागात काजू लागलाय. पोरांनो वर्गणीच बरी.

आजऱ्याची_सून

पेठेतले दादा, पटतंय, पण सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नका. तिथं गावाला काही अधिकार नव्हता म्हणून तसं झालं. पैसा कुणाच्या नावावर येतो आणि जंगल कुणाच्या नावावर आहे, दोन्ही कागद दुसऱ्याचे असतील तर आपण फेटा बांधायलाच.

सड्यावरचा दादा, मी जैवविविधता समितीत आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. तुमच्या ग्रामपंचायतीत पण ही समिती कागदावर असणारच, २००२ च्या कायद्यानं सक्तीची आहे. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिल्यावर सगळीकडं घाईघाईनं गावच्या झाडा-प्राण्यांच्या नोंदवह्या भरल्या गेल्या, आमची उघडून बघितली तर आमच्या गावात कधी कुणी न पाहिलेली झाडं तिच्यात. तुमची काढून बघा. झरे, सडे, गव्याच्या वाटा, हिरडा-शिकेकाई कुठं आहे, हे तुमच्या पोरांइतकं कुणाला माहीत? ते नव्यानं भरा. या समितीचा कायद्यानं स्वतःचा निधी असतो, आणि पुढं कुठल्याही अर्जाला ही वही तुमचा पुरावा.

दुसरं, आणि खरं काम हेच, सामूहिक वनहक्क. २००६ चा कायदा. लोक म्हणतात तो फक्त आदिवासींचा, तसं नाही. धनगर आपल्याकडं एनटी-क (भटक्या जमाती) मध्ये, एसटीत नाहीत, म्हणून तुम्ही 'इतर पारंपरिक वननिवासी' मध्ये येता, त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथं राहत होता हे दाखवावं लागतं. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. यात नुसतं चराई आणि हिरड्याचं नाही, जंगल राखायचा, त्याची व्यवस्था बघायचा हक्क ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळाला. चंद्रपूरच्या पाचगावला मिळाल्यावर त्यांनी स्वतः बांबू विकून पैसा उभा केला आणि तेंदूपत्ता तोडणं आपणहून बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटतात नि आग लावतात. कुणाच्या ग्रँटची वाट बघितली नाही. आपल्याकडं त्यांच्यासारखा बांबू नाही हे मान्य, पण ग्रामसभेच्या नावावर हक्क असला की पैसे देणाऱ्याला तुमच्याशी बोलावं लागतं, मधल्या माणसाशी नाही.

आणि ब्लोअर-बुटांसाठी एवढं लांब कशाला, अभयारण्यालगतच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, गावात परिस्थितीकीय विकास समिती असेल तर ग्रामसभेत ठराव करून तिच्यातनं मागा.

सड्यावरचा_गवळी

ताई, कागदवाले दादा, लय आभार. अमेरिकेचं पुतण्याला सांगतो, तो पासपोर्टपर्यंत पोचला होता. पण ७५ वर्षांचा पुरावा कुठनं आणू? आमच्या आज्याच्या नावावर कागदाचा कपटा नाही. वाडा दोनदा हलला. आजी आहे, ८५ च्या पुढची, तिला सगळं तोंडपाठ, कुठल्या राईत कुऱ्हाड न्यायची नाही, कुठल्या खडकावर बिरोबा होता, दूध घालायला कुठल्या वाटेनं खाली जायचे.

आजऱ्याची_सून

मग अडलंय कुठं! नियमात नुसते सरकारी कागद नाहीत, म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, जुन्या विहिरी, दफनाची जागा, देवाचं ठिकाण, पडक्या घराचं जोतं हे पण पुरावे. दोन तरी द्यायचे. बिरोबाच्या खडकाचा फोटो आणि जीपीएस आजच घ्या.

कागदवाला

ताईंचं बरोबर, फक्त एक दुरुस्ती, जबाब दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लागतो. आजीनं वाटा दाखवाव्यात, सही खालच्या गावातल्या कुणाची घे. वाड्याला लहानपणापासून ओळखणारा कुणी म्हातारा आहे का?

सड्यावरचा_गवळी

आहेत एक आबा, नव्वदीचे. आमच्या आज्याकडनं तूप घ्यायचे. पण गेल्या महिन्यात त्यांच्या उसात गवा घुसून दोन गुंठे लोळवलाय, आणि तो आम्हीच पाळलाय असं ते पारावर सांगतात. रविवारी तुपाचा डबा घेऊन जातो, बघू काय म्हणतात.