शनिवारी घड्याळाशी, रविवारी घोळक्यात: हौशी सायकल रेसचे तुमचे अनुभव लिहा

मुलुंड, वय ४४ (धाग्याची सुरुवात)

गेल्या शनिवार-रविवारी लागोपाठ दोन रेस केल्या. शनिवारी २० किलोमीटरची टाइम ट्रायल (टीटी), रविवारी ६० किलोमीटरची रोड रेस. नोकरी बसून करायची, सराव पहाटे साडेचार ते साडेसहा, घरचे उठायच्या आत परत. जानेवारीत मॅरेथॉन झाली की धावणाऱ्यांचे अनुभव भरभरून वाचायला मिळतात. सायकलवाले मात्र फारसे लिहीत नाहीत, म्हणून हा धागा.

ज्यांनी टीटी केलेली नाही त्यांच्यासाठी: एकेकाला मिनिटाच्या अंतराने सोडतात. पुढच्याला गाठलंत तरी त्याच्या मागे आडोसा घ्यायचा नाही, बाजूने अंतर ठेवून निघून जायचं. वारा, रस्ता आणि घड्याळ, एवढंच आपल्या वाट्याला.

आमचा रस्ता नवी मुंबईतला, १० किलोमीटर जायचं आणि वळून तसंच यायचं. जाताना मला वाटलं, आज पाय भलतेच चाललेत. मीटरवर सारखे ४०-४१ दिसत होते. वळसा घेतला आणि वारा छातीवर आला, तेव्हा कळलं की मघाचा वेग अर्धा वाऱ्याचा होता. जाताना १५:१०, येताना १९:४२, एकूण ३४:५२. शेवटच्या चार किलोमीटरला मांड्यांत काही उरलंच नव्हतं. येण्यासाठी राखायची ताकद मी जाताना उधळली. समोरच्या वाऱ्यात वेळ जास्त जातो, म्हणजे जोरही तिथेच थोडा जास्त लावायला हवा. वाचून माहीत होतं, पायांना शनिवारी कळलं.

रविवारी उठलो तेव्हा जिना उतरताना कठडा धरावा लागला. तरी घोळक्यात पन्नास किलोमीटर आरामात गेले. पुढच्याचं चाक धरून राहिलं तर पाव हिस्सा तरी मेहनत वाचते, ती जादू खरी आहे. मग एका फ्लायओव्हरच्या चढावर पुढच्यांनी अटॅक केला, म्हणजे एकदम वेग वाढवून निसटायला बघितलं. माझ्या आणि पुढच्या चाकामध्ये दोन सायकलींएवढी फट पडली. तीन सेकंद अजून दात-ओठ खाल्ले असते तर भरली असती. नाही भरली, आणि मग ती वाढतच गेली. मागे राहिलेले आम्ही चौघं आठ किलोमीटर आळीपाळीने पुढे राहून आलो. त्यांची नावं अजून माहीत नाहीत, पण कोण कधी दमतो आणि कोण पाळी चुकवत नाही, हे पक्कं माहीत आहे.

पहिली टीटी, घाट, पंक्चर, घरच्यांचं म्हणणं, काहीही लिहा. रस्ता कुठला ते मात्र सांगा.

नेरूळ

दादा, तुमचं ते १९:४२ वाचून माझी पहिली टीटी आठवली. मी पाम बीच रोडवर सराव करतो. पहाटे वारा साधारण जमिनीकडून खाडीकडे असतो, ऊन चढलं की उलटा होऊन समुद्राकडून आत येतो. म्हणजे सहा वाजता ओळखीचा झालेला रस्ता दहा वाजता अनोळखी होतो. आता मी रेसच्या वेळेलाच जाऊन एकदा वारा बघून येतो.

दुसरं, बसण्याबद्दल. हवेचा विरोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ३० किलोमीटरचे ३३ करायचे तर तेवढ्यासाठी तिसरा हिस्सा ताकद जास्त. ती आणणार कुठून? त्यापेक्षा खांदे आत, डोकं खाली. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये तो एरोबारवर (कोपरं टेकवून हात पुढे ठेवायचे जादा दांडे) वाकून बसला, आणि लाँराँ फिन्याँला हरवून अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकला. मी एरोबार घेतले नाहीत. आधी साध्या हँडलवर कोपर वाकवून वीस मिनिटं टिकायला शिकलो. पहिल्या महिन्यात मान इतकी धरायची की ऑफिसात मागे बघायला खुर्ची फिरवावी लागे.

दादर, वय ७१

मी रेस केली नाही, पाहिली. लहानपणी वडील मला मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला बोरघाटात घेऊन गेले होते. तेव्हा एक्स्प्रेस-वे नव्हता, सगळी वाहतूक जुन्या रस्त्याने. आम्ही शिंगरोबाच्या देवळाशी उभे होतो. खालून खोपोलीकडून आधी माणसांचा ओरडा वर आला, मग एकटा सायकलस्वार दिसला. सायकल जड, लोखंडी. तो खोगिरावरून उठून एकेक पेडल अंगाच्या वजनाने दाबत होता. वडिलांनी त्याच्या मानेवर तांब्याभर पाणी ओतलं. त्याने वर पाहिलंही नाही, नुसती मान हलवली. घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, हे वडिलांनी मला तिथे सांगितलं. तोच राजा झाला की नाही, ते आम्हाला कळलंच नाही, परतीची गाडी पकडायची होती.

तुम्ही मंडळी रेस करता तेव्हा घरच्यांना रस्त्याकडेला उभं करा. बघणाऱ्यालाही पुष्कळ मिळतं.

बोरिवली

माझी पहिली गटाची रेस गेल्या वर्षीची. सराव आरेत, गोरेगावकडून पवईकडे जाणाऱ्या चढ-उतारांवर, उजाडल्यावरच आणि कायम दोघी-तिघींनी मिळून. ताकद होती, घोळक्याची सवय नव्हती. एका वळणावर माझं पुढचं चाक समोरच्या सायकलीच्या मागच्या चाकाला घासलं आणि मी उजव्या कोपरावर आपटले. दोष माझा. माझी नजर तिच्या टायरवर खिळली होती, ती वळणाआधी किंचित थांबली ते दिसलंच नाही.

त्या दिवशी एका ताई सायकलस्वाराने जखम धुता धुता सांगितलं, "चाकाकडे नको बघूस. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघ, चाक आपोआप कळतं." त्यानंतर तीन महिने मी नुसतं हेच शिकले. आईने मात्र कोपराकडे बघून दोन दिवस अबोला धरला. पुढच्या रेसला पहाटे तीन वाजता तिनेच गूळ-शेंगदाण्याचे लाडू डब्यात घालून दिले. मुंबईच्या दमटपणात घामातून मीठ फार जातं, तर लिंबू-मीठ-साखरेची बाटलीही तिचीच.

ठाणे

मी येऊरचा चढ करतो, पण लिहायचंय वेगळंच. गुडघ्याच्या दुखण्यामुळे एका टीटीला मी स्वयंसेवक होतो. काम एकच, सुटण्याआधी सायकल मागून खोगिराला धरून उभी ठेवायची, कारण स्वाराचे दोन्ही पाय पेडलला अडकलेले असतात. तीस सेकंद उरले की माणूस श्वास घेतो तो खोगिरातून तुमच्या हातात येतो. काही जण पूर्ण शांत, काही थरथरतात. पाच, चार, तीन, दोन, एक म्हटलं की ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. साठेक जणांना सोडलं त्या सकाळी. सगळ्यांत शेवटी साठीचे एक काका होते. सुटताना मला म्हणाले, "धरलंत छान."

कुर्ला

मी १९ वर्षांचा आहे. सकाळी पेपर टाकतो. सायकल साधी, गिअर नाही. मला टीटी करायची आहे. चालेल का?

मुलुंड (धाग्याची सुरुवात)

चालेल. हेल्मेट आणि दोन्ही ब्रेक चालू हवेत, तेवढं स्पर्धेआधी तपासतात. पण माझी जुनी गिअरची सायकल गॅलरीत नुसती उभी आहे. पुढच्या रविवारी पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्याला ये, एकदा चालवून बघ. खोगीर आधीच बसवून ठेवतो. उंची किती तुझी?

कुर्ला

पाच फूट सात. रविवारी पेपर टाकून होईपर्यंत साडेसहा होतात. सात वाजता आलो तर चालेल का?

मुलुंड (धाग्याची सुरुवात)

ये. मी थांबतो.