दहशतवादावरचं युद्ध ‘जिंकतात’ की आणखी काही? (क्रियापद सुचवा)

बर्डीवाला
नागपुरातल्या एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचे विषय इंग्रजीतून मराठीत करायचे आहेत. एक विषय अडलाय: ‘दहशतवादाविरुद्धचे युद्ध खऱ्या अर्थाने जिंकता येईल का?’ एका परीक्षकांनी ‘जिंकता’ खोडून ‘बीमोड’ केलं, दुसऱ्यांनी ‘निर्मूलन’. माझ्या मते तिन्ही शब्दांत विषयच वेगवेगळा होतो. मत द्या.

त्रिमूर्तीनगर
बीमोड अजिबात नको. बीच मोडायचं, म्हणजे पुन्हा रुजायला दाणा उरता कामा नये. एवढी मोठी अट घातली की ‘येणार नाही’ हे उत्तर प्रश्नातच आलं, मग ‘येईल’ म्हणणाऱ्या बाजूने बोलायचं काय? निर्मूलन हा सरकारी कार्यक्रमाचा शब्द: पोलिओ, हिवताप, अंधश्रद्धा. त्याला समोर शत्रू लागत नाही.

जिंकायला हरणारा लागतो. श्रीलंकेत मे २००९ मध्ये एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना हरली. तिच्याकडे स्वतःचा भूभाग होता, तोफा होत्या, सागरी दल होतं; ते सगळं गेलं आणि तिचा प्रमुख प्रभाकरन मारला गेला. तिथे ‘जिंकलं’ चपखल बसतं. पण त्याच देशात २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या दिवशी, चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले. जबाबदारी इसिसने घेतली, आणि त्या इसिसने सीरियातलं बागूझ हे शेवटचं ठाणं जेमतेम महिनाभरापूर्वी गमावलं होतं. म्हणजे दोन ‘जिंकलेली’ युद्धं आणि त्यावर हा हल्ला. आधी कर्म ठरवा: संघटना, प्रदेश की दहशतवाद? क्रियापद मग आपोआप सापडेल.

कज्जेदलाल
माझी हरकत ‘युद्ध’ या शब्दालाच आहे. युद्ध आलं की त्याचं गणगोत सोबत येतं: तह, शस्त्रसंधी, युद्धकैदी. आपल्याकडे त्या जागी काय येतं? अटक, कोठडी, आरोपपत्र, तारखा. मुंबईचे स्फोट १२ मार्च १९९३ चे, मृत २५७. खटला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली, तो कायदा १९९५ मध्ये मुदत संपून गेला तरी खटला चालूच राहिला. त्यातल्या याकूब मेमनला फाशी झाली ३० जुलै २०१५ ला, आपल्याच वर्धा रोडवरच्या कारागृहात. याला मराठीत ‘निकाल लागणे’ म्हणतात.

आकडेही हेच सांगतात. रँड या अमेरिकी संस्थेने २००८ मध्ये १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ संघटना तपासल्या. संपलेल्यांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत सामील होऊन संपल्या, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्तेच्या कामामुळे. १० टक्क्यांनी आपलं उद्दिष्ट साधलं. लष्करी बळाने संपलेल्या फक्त ७. त्या ७ टक्क्यांसाठी बनलेलं क्रियापद सगळ्यांना कशाला लावता?

वऱ्हाडीबाप्पा
काहून एवढा काथ्याकूट, भाऊ? इकडचा माणूस सरळ म्हणते, ‘नक्षल सरून राहिले’. ‘सरले’ नाही, ‘सरून राहिले’. पुणेरी व्याकरणात हे बसत नाही, पण विषयाचं नेमकं काळ-रूप हेच आहे. आणि पेपरात शब्द कोणता येते? ‘शरणागती’ क्वचित, ‘आत्मसमर्पण’ नेहमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती साठेक साथीदार घेऊन गडचिरोलीत आला, मुख्यमंत्र्यांसमोर बंदुका ठेवल्या, तेव्हाही तेच. आलेल्यांना ‘आत्मसमर्पित’ म्हणतात, म्हणजे देवाला वाहिल्यासारखे!

त्रिमूर्तीनगर
नक्षलवाद वेगळा, दहशतवाद वेगळा. विषयांतर नको.

कज्जेदलाल
कायद्यात वेगळा नाही. माओवादी पक्ष जून २००९ पासून यूएपीए या बेकायदा कृत्यांविरुद्धच्या कायद्याच्या यादीत आहे, दहशतवादी संघटना म्हणूनच.

सुराबर्डी
मग ‘मुक्त’ही विचारात घ्या. जिल्हा नक्षलमुक्त झाला असं म्हणायला प्रत्यक्षात काय लागतं? दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, मोडलं पाहिजे, नवी भरती थांबली पाहिजे, पोलीस मदत केंद्र उभं राहून टिकलं पाहिजे (वांगेतुरीचं २०२३ मध्ये २४ तासांत उभारलं), पावसाळ्यात तुटणार नाही असा रस्ता पाहिजे आणि मोबाइलचा टॉवर. यातलं एक राहिलं तरी पोकळी उरते.

घाई केली की काय होतं ते पाहा. एप्रिल २०१८ मध्ये गडचिरोलीत कसनासूर-बोरियाला ४० नक्षलवादी मारले गेले. जिंकलोच, असं वाटण्याजोगा आकडा. १ मे २०१९ ला पहाटे दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली, आणि तिकडे निघालेल्या पथकाची खासगी गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ जवान आणि चालक गेले. कसनासूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, जांभुळखेडा उत्तरेला. दबाव एका टोकाला, घाव दुसऱ्या.

चरकसेवक
सगळे क्रियापदावर भांडताय, नाम कोणी तपासलं का? ‘दहशत’ अरबीतून आलेला, आणि अरबीत त्याचा अर्थ थक्क होणं. दहशतवादाला ते स्वतः ‘इरहाब’ म्हणतात. आपला शुद्ध शब्द ‘आतंक’. चरकसंहितेच्या निदानस्थानात व्याधी, आमय, गद यांच्या पंगतीत आतंक हा रोगाचाच पर्याय आहे. रोग जिंकत नाहीत, त्यावर उपचार करतात. घ्या, प्रश्न सुटला.

वऱ्हाडीबाप्पा
‘आतंकवाद’ म्हटलं की टीव्हीवरची हिंदी वाटते. नागपुरात हिंदी आधीच काय कमी आहे?

त्रिमूर्तीनगर
आणि ‘शुद्ध’ म्हणजे काय? ‘कायदा’, ‘फौज’, ‘फत्ते’ हेही काढणार? पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात मराठी पेपर ‘अतिरेकी’ लिहीत, तो तर अस्सल संस्कृत. पण अतिरेक करणारा तो अतिरेकी, यात बंदूक कुठे आहे? ‘दहशत’ निदान ऐकताच कळतो.

बर्डीवाला
मंडळी, क्रियापद? शुक्रवारी विषयपत्रिका छापायला जाते.

चरकसेवक
त्याआधी समास बघा. पाट्यांवर ‘दहशतवाद विरोधी पथक’ असं सुटं लिहितात, ते चूक. ‘दहशतवादविरोधी’ जोडूनच हवं.

कज्जेदलाल
पथकाचं ते अधिकृत नाव आहे. विशेषनामाला नियम लावू नका.

चरकसेवक
अधिकृत म्हणजे शुद्ध नव्हे. सुटं वाचलं तर ‘विरोधी पथक’ असं वाचता येतं. कोणाचं विरोधी?