बॅगेतलं ॲड्रेनलिन उन्हाळ्यात खराब होतंय, तुम्ही कसं सांभाळता?

धानपट्टा_डॉक्टर
नमस्कार मंडळी. मी एमबीबीएस, गडचिरोली जिल्ह्यात मोटरसायकलवर चार गावं करतो. परवा एका आजोबांना घरीच सेफ्ट्रायक्झोन (अँटिबायोटिक इंजेक्शन) दिलं, पाच मिनिटं झाली नसतील तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, नाडी हाताला लागेना. अशा जीवघेण्या ॲलर्जीवर पहिलं द्यायचं इंजेक्शन म्हणजे ॲड्रेनलिन, त्याचं अँप्युल (काचेची छोटी कुपी) फोडून सिरिंजमध्ये ओढलं तर पाणी फिक्कट चहासारखं. एक्सपायरीला सात महिने बाकी होते! दुसरं एक बॅगेच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं होतं ते स्वच्छ निघालं, अर्धा एमएल मांडीत दिलं, दहा मिनिटांत आजोबा पाणी मागू लागले. पण ते दुसरं नसतं तर, हे काही डोक्यातून जात नाही, दोन रात्री झोप नाही. बॅग डिक्कीतच असायची माझी. अन् सापाचं इंजेक्शनही बॅगेत ठेवावं का? गावातले दरवेळी विचारतात.

वणीवाला
डॉक्टरसाहेब, वेळेवर दिलं ते महत्त्वाचं. आता डिक्की सोडा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, तर बंद डिक्कीत किती होत असेल बघा. ॲड्रेनलिनला फ्रिज लागत नाही पण ऊन अन् उजेड दोन्ही चालत नाही, अन् काच तपकिरी असते म्हणून बाहेरून रंग कळतही नाही, तुम्हाला सिरिंजमध्येच दिसला नं. गुलाबी किंवा तपकिरी झालं की फेकायचं, तारीख काही का असेना. मी मार्च ते जून दर महिन्याला नवीन घेतो, महाग थोडीच आहे ते. बॅग खांद्यावर, अन् घरात सावलीत माठाच्या बाजूला.
दुसरं म्हणजे, ॲड्रेनलिन सुट्टं ठेवू नका. एका साबणाच्या डबीत दोन अँप्युल, दोन सिरिंज, सुया, वरून लाल टेप. घाईत हात थरथरतो तेव्हा चार कप्पे शोधायला वेळ नसतो. पेशंटला आडवंच ठेवायचं, पाय वर, उठवून बसवायचं नाही, फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी परत तेवढंच. ॲव्हिल (ॲलर्जीचं साधं इंजेक्शन) अन् हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर, आधी नाही! हे आपल्याकडे लय उलटं होतं.

सिस्टर_मेळघाट
मी डॉक्टर नाही, पण बाळंतपणाचं सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायचं ऑक्सिटोसिन इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत लागतं, बॅगेत फिरवलं की पॉवर जाते अन् वरून काही दिसत पण नाही. म्हणून गाडीवर जाताना त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या ठेवा, २०० मायक्रोग्रॅमच्या तीन, पॅकिंग न फोडता, ओल लागली की खराब होतात. बाळ बाहेर आल्यावरच द्यायच्या, अन् आधी पोटात दुसरं बाळ नाही ना ते हात लावून बघायचं.

मेडिकल_दारव्हा
सापाचं नका ठेवू साहेब. पावडर असते म्हणून टिकते, पण सुरुवातच ८-१० वायलने होते, त्याचीच रिॲक्शन येऊ शकते, नाग-मण्यारमध्ये श्वास थांबला तर बॅगेत काय आहे? १०८ ला फोन, हात-पाय हलू न देता फळी बांधायची, अन् घट्ट दोरी बांधू द्यायची नाही. ॲट्रोपिन (फवारणीच्या विषावरचं इंजेक्शन) मात्र फवारणीच्या दिवसांत भरपूर ठेवा. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात जाऊन किती माणसं गेली ते आम्ही पाहिलंय. ०.६ मिलिग्रॅमचे दोन-चार अँप्युल त्यात कुठे पुरत नाहीत, सुरुवातीलाच तीन ते पाच लागतात, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट. मी दोन-तीन डॉक्टरांसाठी मिळून बॉक्सच मागवतो, तारीख जवळची आधी ज्याच्याकडे जास्त खप त्याला.

वणीवाला
विंचवाला प्राझोसिनच्या गोळ्या पण टाका बॅगेत. महाडच्या डॉ. बावस्करांनी लाल विंचवावर जे काम केलं त्यातूनच ती गोळी पुढे आली. गोळी दिल्यावर माणसाला उभं करायचं नाही, बीपी एकदम पडतं.

धानपट्टा_डॉक्टर
आजच साबणाची डबी घेतली. ॲट्रोपिन सध्या माझ्याकडे चारच आहेत, अन् कापसावर फवारणी महिन्याभरात सुरू होईल. दारव्हावाले भाऊ, तुमच्या बॉक्समध्ये माझं नाव लावा.