बालवाडीतला ‘जपान आठवडा’: दुसऱ्या संस्कृतीची ओळख, की नुसतं चिकटकाम?

पाटीवाली

आमच्या बालवाडीत (वय साडेतीन ते सहा) जुलैमध्ये ‘जपान आठवडा’ घ्यायचं घाटतंय. पालकसभेत त्यावरून दोन तट पडले, म्हणून इथे विचारते. ठरलेलं असं : घोटीव कागदाचा पंखा, कार्डपेपरचा किमोनो, माशांचे झेंडे, ओरिगामीचा क्रौंच आणि शेवटच्या दिवशी किमोनो घालून फोटो. एका बाबांनी विचारलं, “यातून मुलांना जपान काय कळणार?” त्यावर आमच्या एका ताई म्हणाल्या, “मग कळूच द्यायचं नाही का?”

मी ताईंच्या बाजूची, पण एका अटीवर. ती वस्तू तिथली मुलं कधी करतात आणि कशासाठी, हे तिच्यासोबत यायला हवं. माशांचे झेंडे म्हणजे कोइनोबोरी. 5 मे हा तिथला बालदिन, 1948 पासून राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवसाच्या आधीपासून घराबाहेर काठीवर कापडी कार्प मासे फडकत असतात. प्रवाहाविरुद्ध धबधबा चढून गेलेला कार्प ड्रॅगन होतो अशी चिनी गोष्ट आहे, तसं पोरानं धीट व्हावं हा हेतू. एवढं चार वर्षांच्या मुलाला सांगता येतं की! तोंड उघडं ठेवलेला मासा हातात धरून अंगणात पळालं की वारा पोटात शिरतो आणि मासा पोहायला लागतो. पुढचं तो मासाच सांगतो.

बोरकूट

चार वर्षांच्या पोराला आपलं गाव आणि मामाचं गाव यात किती अंतर आहे ते सांगता येत नाही, आणि आपण त्याला जपान शिकवणार! त्याच्या लेखी तो लाल मासा, एवढंच. घरी गेल्यावर विचारा, “मासा केला” म्हणेल. जपान म्हणणारच नाही.

आणि तो शेवटच्या दिवसाचा फोटो? सगळा खटाटोप त्या फोटोसाठी असतो, हे आपण सगळे जाणतो. पालकांच्या ग्रुपवर टाकायचा, पुढच्या वर्षीच्या प्रवेशांच्या वेळी माहितीपत्रकात छापायचा. पंखा, किमोनो, फुलं लावलेला अंबाडा. उद्या कुणी तिकडे ‘भारत आठवडा’ म्हणून पोरांना फेटे बांधून हत्तीचं चित्र रंगवायला दिलं, तर आपण इथेच तीनशे प्रतिसादांचा धागा काढू.

तोक्यो ते ताथवडे

मुलगी तिथल्या बालवाडीत होती, म्हणून लिहिते. पाटीवाली, किमोनो यादीतून काढाच. कारण सांगते. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीच्या वर येते. उलटी घडी फक्त मृताला घालतात. कार्डपेपरचे जे तयार नमुने छापून मिळतात, त्यांत ही घडी सर्रास उलटी असते. म्हणजे वीस पोरांच्या गळ्यात आपण हसत हसत काय अडकवणार?

माशांचे झेंडे मात्र जरूर करा. आमच्याकडे ताई पोरांचे तळवे रंगात बुडवून कागदावर उमटवायच्या, तेच माशाचे खवले. दरवर्षीचा मासा जपून ठेवला की हात किती वाढला ते दिसतं. वर्तमानपत्राचा मोठा चौकोन दुमडून शिरस्त्राण करायचं, तेही त्याच दिवशी. पोरं ते डोक्यावर घालून दिवसभर एकमेकांशी लढतात. त्यात ‘संस्कृती शिकवणे’ वगैरे काही नसतं, तो त्यांचा सण असतो.

अवांतर : 5 मे पूर्वी मुलग्यांचाच सण होता. 1948 च्या कायद्यात तो सगळ्या मुलांचा झाला आणि आईचे आभार मानायचा दिवसही तोच ठरला.

आडगावकर

पण 5 मेला आपल्या शाळांना सुट्टी असते हो! जुलैत मेचा सण म्हणजे श्रावणात शिमगा.

तोक्यो ते ताथवडे

@आडगावकर, हाहा, बरोबर. मग जुलैतलंच घ्या. 7 जुलैला तानाबाता. कागदाच्या रंगीत पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूच्या फांदीला बांधतात. लिहिता न येणाऱ्यांची इच्छा ताई लिहितात, आणि मुलं जे सांगतात त्याला तोड नसते. गोष्ट अशी की विणकरीण ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी आकाशगंगेच्या दोन काठांवर असतात आणि वर्षातून एकदाच भेटतात. ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित तारा आणि हिकोबोशी म्हणजे श्रवण. ते दोन तारे ताथवड्यातूनही दिसतात, ढग असतील तर नाही. तिथेही तेव्हा पावसाळाच असतो आणि पाऊस पडला तर दोघांची भेट हुकते.

म्हणून दुसरी वस्तू सुचवते, तेरु तेरु बोझु. पांढऱ्या कापडाच्या किंवा टिश्यूच्या तुकड्यात बोळा घालून मान दोऱ्यानं बांधायची, डोळे काढायचे आणि खिडकीत टांगायचं. कशासाठी? उद्या सहल आहे, पाऊस पडू नये म्हणून. आपली पोरं पावसाला पैसा देऊन बोलावतात, तिथली त्याला घालवायला बाहुलं टांगतात. पाच मिनिटांचं काम, कात्रीसुद्धा लागत नाही.

बोरकूट

हे बाहुलं आवडलं, मान्य. कारण इथे पोराला करायला कारण आहे. पण मग ‘जपान आठवडा’ कशाला हवा? सहलीच्या आदल्या दिवशी करा, सांगा की दूर एका देशातली मुलंही असंच करतात, विषय संपला. आठवडा घातला की पाच दिवसांत पाच वस्तू कोंबाव्या लागतात आणि अर्ध्या ताईच घरी बसून पूर्ण करतात.

कर्दळ

माझा आक्षेप वेगळाच. आधी आपलं काय ते दाखवा ना! पिंगुळीचे चित्रकथी, सावंतवाडीची लाकडी खेळणी, पोरांना यातलं काय माहीत असतं? घरचं सोडून एकदम जपान. दुसऱ्याची ओळख करून घ्यायला आधी स्वतःची हवी.

निळी दौत

@कर्दळ, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं तुमच्याच विरुद्ध जातात :) जपानात कामिशिबाइ नावाचा प्रकार आहे. लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे, एकेक सरकवत गोष्ट सांगायची. 1930 च्या दशकात सायकलवरून गल्लीगल्लीत फिरणारे गोष्टीवाले असत. लाकडी टिपऱ्या वाजवून पोरं जमवायचे, त्यांना गोळ्या-मिठाई विकायचे आणि मग गोष्ट. चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे करत आख्यान लावतो, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा. लाकडी खेळण्यांचंही तेच : जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्येकडच्या कोकेशी बाहुल्या कातावर (लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर) होतात. दोन्ही शेजारी ठेवल्या तर आधी आपलं की आधी त्यांचं हा प्रश्नच पडत नाही.

आणि ‘अस्सल जपानी कागदकाम’ म्हणून ज्याचं कौतुक चाललंय, त्याबद्दलही थोडं. क्रौंच जुनाच, हजार क्रौंचांवरचं पुस्तक 1797 चं आहे. पण बालवाडीत घडीकाम शिकवायची पद्धत तिथे रुजली ती फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाच्या जर्मन किंडरगार्टनमधून. 1876 मध्ये तोक्योच्या महिला अध्यापक विद्यालयात बालवाडी सुरू झाली, तिथल्या मुख्य शिक्षिका क्लारा मात्सुनो जन्मानं जर्मन. त्याच फ्रोबेलच्या साहित्यावरून मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं. तेव्हा कुठली संस्कृती कुणाची, हे जरा बेतानंच म्हणा.

कर्दळ

वाचायला छान, पण साडेतीन वर्षांच्या पोराला क्लारा मात्सुनो सांगणार का? प्रश्न क्रमाचा आहे, पूर्वजांचा नाही. माझं मत बदललेलं नाही.

पाटीवाली

क्रौंचाबद्दल कुणीच काही बोललं नाही. आम्ही सादाकोची गोष्ट सांगणार होतो. सांगावी का?

तोक्यो ते ताथवडे

या वयाला नको, असं माझं स्पष्ट मत. सादाको सासाकी दोन वर्षांची असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. 1955 मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं ती गेली. आजारपणात ती क्रौंच करायची. गोष्टीत सांगतात की 644 झाले आणि बाकीचे मैत्रिणींनी पुरे केले. तिच्या घरच्यांचं म्हणणं वेगळं : हजार तिनंच केले, वर आणखीही केले. आपण गोष्टीला करुण करायला तिचेच क्रौंच कमी करतो, हे मला खुपतं. हिरोशिमाच्या उद्यानातलं मुलांचं स्मारक 1958 मध्ये उघडलं, तेही 5 मेला. आठवी-नववीच्या मुलांशी हे जरूर बोला.

शिवाय चार वर्षांच्या बोटांना क्रौंच जमत नाही. चोची-पंखांच्या घड्या ताईच घालणार. कुत्र्याचं तोंड द्या : चौकोनाचा त्रिकोण, दोन टोकं खाली दुमडली की कान. पोरगं दुसऱ्या प्रयत्नात एकटं करतं.

बोरकूट

सादाकोबाबत शंभर टक्के सहमत. बाकी माझं तेच, ‘आठवडा’ नको. पुण्यात आहात तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्या, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. दगडांवरून पाणी ओलांडू द्या.

पाटीवाली

किमोनो आणि क्रौंच बाद. फोटोबद्दल मुख्याध्यापिका ऐकतील असं वाटत नाही, पण निदान रोजच्या कपड्यांतला तरी मागेन. 7 जुलैला बांबू, आणि सहलीच्या आदल्या दिवशी खिडकीत बाहुली. उद्यानाची सहल त्याच आठवड्यात बसते का ते बघते. आता बांबूची हिरवी फांदी कोण आणून देईल ते सांगा, बुरूड आळीत वाळलेलाच मिळतो.

आडगावकर

फांदीची सोय होईल, आमच्या बांधावर बेट आहे. पण सहलीच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून पोरांकडून काही टांगून घेणार असाल, तर आमच्या पेरण्यांचं काय, ते आधी सांगा!