‘नाकर्तेपणा’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : आमच्या सोसायटीची जलवाहिनी तीन आठवडे गळत असल्याने तक्रारअर्ज लिहिताना मी ‘आपल्या नाकर्तेपणामुळे’ असे लिहिले, तेव्हा सचिवांनी ते खोडून ‘अकार्यक्षमतेमुळे’ केले. या दोहोंत खरोखर फरक आहे का?

उत्तर १ : फरक नक्कीच आहे. अकार्यक्षमता यंत्राचीही असू शकते, पण नाकर्ता असते ते माणूस किंवा माणसांनी चालवलेले सरकार. शिवाय ज्याच्याकडून करण्याची अपेक्षा होती त्याने ते केले नाही, हा ठपका त्या शब्दातच असतो. घरातला ‘कर्ता मुलगा’ आठवला, की त्याच्या उलट बाजूला कोण उभा आहे हे सांगावे लागत नाही. ‘नाकर्त्याचा वार शनिवार’ या म्हणीतला माणूसही काम टाळायला वाराची सबब पुढे करतो. सचिवांनी अर्ज सौम्य केला, इतकेच.

उत्तर २ : याला ‘अकर्ता’ समजू नये. गीतेत (४.१३) भगवंत स्वतःला अकर्ता म्हणवतात, तो कर्माच्या लेपापासून अलिप्त असण्याचा भाव आहे, पाणीपुरवठा विभागाला तो मान कशाला द्यायचा? रूपाचे म्हणाल तर ‘मोठा’चे ‘मोठेपणा’, तसेच ‘नाकर्ता’चे ‘नाकर्तेपणा’. ‘नाकर्तापणा’ लिहू नये.

उत्तर ३ : विभागाने गळती एकदाही पाहिली नसेल तर नाकर्तेपणा लिहा, तीनदा खोदून चुकीचा पाइप बदलला असेल तर तो गलथानपणा ठरतो.