मदत हवी आहे : सुरगाण्याचे जुने कागद आणि आठवणी

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातलं सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान होतं, हे नाशकातल्याही अनेकांना ठाऊक नसतं. या गावाबद्दल लिहायला घेतलंय. राजघराण्याची माहिती मिळते. पण डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणाऱ्या कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांबद्दल फार थोडं सापडतं, आणि खरा इतिहास मला तिथेच वाटतो. संस्थानी शेतसाऱ्याच्या पावत्या, बोहाड्याचे (देवदेवतांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाचे) जुने फोटो, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्यांच्या आठवणी कुणाकडे आहेत का? बोरगावकडे स्ट्रॉबेरी यायच्या आधी त्या शेतांत काय काय पिकायचं, हेही घरातल्या आजी-आजोबांना विचाराल का? कागद घरीच राहू द्या, मोबाईलवर काढलेला फोटो पुरेल. आठवणी कोकणा लोकांच्या कोकणी बोलीतच पाठवल्या तर फारच उत्तम.